मल्टिपल स्क्लेरोसिस : कोपनहेगनची परिषद आणि वज्रेश्वरी परिसरातील रुग्ण

दिनांक १८ ते २० सप्टेंबर २०२४ या तीन दिवसांत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे ‘एक्ट्रिम्स’ या युरोपीय संस्थेची चाळिसावी परिषद भरली होती. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच संक्षेपाने एम.एस., या मज्जासंस्थेच्या विकारावर उपचार व संशोधन करणाऱ्या तज्ज्ञांचे हे जगातील सर्वांत मोठे संमेलन मानले जाते. तानसा नदीच्या काठी, उन्हाळ्याच्या झऱ्यांसाठी ख्यात असलेल्या वज्रेश्वरीच्या परिसरात रुग्णसेवा करणाऱ्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात या परिषदेस एवढी जागा कशासाठी द्यावी, असा प्रश्न आपल्या विश्वस्तांना व देणगीदारांना पडणे स्वाभाविक आहे. हा विकार बहुधा वयाच्या विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान, म्हणजे माणूस घराचा आधार होऊ लागतो त्याच वयात गाठतो. त्यातील पहिली एक-दोन वर्षे उपचारांविना गेली तर झालेली हानी पुढे भरून काढणे अवघड होते. आणि ती वर्षे कशी जावीत याचा निर्णय कोपनहेगनमध्ये होत नाही. तो रुग्णाच्या घरी, नात्यागोत्याच्या सल्ल्याने आणि आपल्यासारख्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात होतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

एम.एस.चे पहिले व्यवस्थित वर्णन पॅरिसमधील डॉ. शार्को यांनी १८६८ मध्ये केले. मेंदू, दृष्टीचे चेतातंतू आणि पाठीचा मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. शरीराचे संरक्षण करणारी प्रतिकारशक्तीच काही कारणाने या आवरणावर उलटते व जागोजागी त्याची झीज होते. भिवंडीच्या यंत्रमागाच्या गाळ्यात काम केलेल्या कोणासही हे सहज कळेल. विजेच्या वायरीवरचे वेष्टन घासले गेले की माग लगेच बंद पडतोच असे नाही; कधी चालतो, कधी अडखळतो, आणि दोष कोठे आहे हे बाहेरून दिसत नाही. मायलिन झिजलेल्या तंतूंतून संदेश सावकाश जातो किंवा मध्येच थांबतो. झीज ज्या जागी असेल त्याप्रमाणे लक्षणे उमटतात. एका डोळ्याची दृष्टी दोन-चार दिवसांत मंदावते व डोळा हलविताना दुखतो. एक वस्तू दोन दिसू लागते. पाय बधिर होतात. चालताना तोल जातो. लघवीची घाई होते किंवा ती अडते. मान पुढे वाकविली की पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटते. यांशिवाय एक थकवा असा असतो की तो विश्रांतीनेही जात नाही आणि घरच्यांना तो आळस वाटतो. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळते.

या रोगाचा सर्वांत फसवा गुण म्हणजे तो आरंभी येतो आणि जातो. बहुसंख्य रुग्णांत पहिला झटका काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, दृष्टी परतते, पायांत बळ येते. त्या आठवड्यांत जो उपाय केलेला असेल त्याला यश मिळाल्याचे सर्वांना वाटते. मालिश, ताकदीच्या गोळ्या, पथ्य, नवस, कुंडातील स्नान, यांपैकी काहीही असो, श्रेय त्याला मिळते आणि कुटुंब निर्धास्त होते. यात कुटुंबाचा भोळेपणा नाही. डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणे हा माणसाचा स्वभावच आहे. परंतु बाहेरून सारे शांत दिसत असताना आत नवे डाग पडत राहू शकतात, आणि पुढच्या झटक्यानंतर पाय पूर्ववत होतीलच अशी खात्री देता येत नाही. शिरेतून तीन ते पाच दिवस दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांविषयीही असाच गैरसमज आहे. त्यांनी झटका लवकर ओसरतो हे खरे. तथापि रोगाचा पुढील प्रवास त्यांनी थांबत नाही. ‘इंजेक्शने घेतली, बरे वाटले, आता काही नको’ असे म्हणून पुढील तपासणीस न येणारे रुग्ण ही या विकाराच्या उपचारातील नित्याची अडचण आहे.

एके काळी हा गोऱ्या लोकांचा आणि थंड देशांचा रोग, भारतात तो जवळजवळ नाहीच, अशी समजूत वैद्यकीय पुस्तकांतूनही होती. ती समजूत बदलण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. मुंबईतील पारशी समाजात घरोघर केलेल्या पाहणीचा अहवाल १९८८ मध्ये, आणि मुंबई व पुणे येथील पारशी समाजाविषयी डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९९० मध्ये, आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. या समाजात एम.एस.चे प्रमाण उर्वरित भारतीयांबद्दलच्या तेव्हाच्या अंदाजापेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे त्यांतून दिसले. जे. जे. रुग्णालय व पुढे जसलोक रुग्णालय येथे दीर्घ काळ काम केलेले डॉ. वाडिया २०१६ मध्ये निवर्तले. याच सुमारास, १९८५ मध्ये, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत स्थापन झाली व रुग्णांना एकमेकांची ओळख पटू लागली. पुढे एम.आर.आय.ची सोय वाढली तसतसे सर्व समाजांतील रुग्ण उजेडात आले. आज जगात सुमारे २९ लाख लोकांना हा विकार असल्याचा अंदाज आहे. भारतात त्याचे प्रमाण युरोपपेक्षा कमी आहे खरे, पण लोकसंख्या एवढी मोठी की कमी प्रमाणाचाही आकडा लहान राहत नाही.

आता कोपनहेगनविषयी. तेथील ज्या सत्राची सर्वाधिक चर्चा झाली ते निदानाच्या निकषांचे होते. १९८३ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार निश्चित निदानासाठी सामान्यतः दुसरा झटका येण्याची वाट पाहावी लागे. २००१ मध्ये डॉ. मॅक्डोनाल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष आले व दुसऱ्या झटक्याऐवजी एम.आर.आय.चा पुरावा ग्राह्य धरला जाऊ लागला. त्यांत वेळोवेळी सुधारणा झाल्या. ताजी सुधारणा कोपनहेगन येथे मांडली गेली व २०२५ मध्ये ती ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मेंदूतील तीन जागा व मज्जारज्जू यांच्या जोडीला दृष्टीच्या चेतातंतूस आता पाचवी जागा म्हणून मान्यता मिळाली. योग्य पुरावा असेल तर निरनिराळ्या काळी झालेले आघात दाखविण्याची अट अनिवार्य राहिली नाही. डागाच्या मधोमध जाणारी सूक्ष्म नीला, डागाच्या कडेला साठलेले लोह, पाठीच्या पाण्यातील कप्पा साखळ्या नावाची प्रथिने, या खुणांनाही निदानात स्थान मिळाले. यांपैकी शेवटची चाचणी जुन्या पद्धतीच्या चाचणीपेक्षा सोपी व लवकर होणारी आहे, ही आपल्या दृष्टीने विशेष समाधानाची बाब.

सामान्य वाचकाने या तपशिलातून एवढेच घ्यावे की जे निदान पूर्वी वर्षानुवर्षे लांबत असे ते आता पहिल्या झटक्यातच होणे पुष्कळदा शक्य झाले आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही निकषकर्त्यांनी आवर्जून सांगितली आहे. एम.आर.आय.मध्ये दिसणारा प्रत्येक पांढरा ठिपका एम.एस.चा नसतो. पन्नाशी ओलांडलेल्यांत, रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांत, अर्धशिशीच्या रुग्णांत असे ठिपके अन्य कारणांनी दिसतात; त्यांच्याबाबत अधिक कडक पुरावा मागावा, असे नवे निकष सांगतात. आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचाही. याखेरीज एम.एस.सारखाच दिसणारा पण निराळा असा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा विकार आहे. त्याची ओळख पटविणारी रक्तातील प्रतिद्रव्ये २००४ मध्ये सापडली. एम.एस.ची काही औषधे या दुसऱ्या विकारात अपाय करतात, म्हणून ही रक्ततपासणी खर्चाची वाटली तरी शंका असेल तेथे टाळू नये. रिपोर्टवर छापलेला एक शब्द वाचून कुटुंबाने घाबरून जाऊ नये आणि तज्ज्ञाने रुग्णास तपासल्याशिवाय औषधही सुरू करू नये.

औषधांच्या बाबतीत तीस वर्षांत चित्र पालटले आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या पहिल्या औषधास मान्यता मिळाली. त्याआधी झटका ओसरण्याची वाट पाहण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. आज इंजेक्शने, गोळ्या व सलाइनवाटे द्यावयाची औषधे मिळून बरेच पर्याय आहेत. रोग समूळ बरा करणारे त्यांत एकही नाही. झटके कमी करणे व अपंगत्व लांबविणे हे त्यांचे काम. प्रश्न आहे तो किमतीचा. परदेशातील नवी औषधे वर्षाकाठी लाखांच्या घरात जातात आणि ती एक वर्ष घेऊन भागत नाही.

या संदर्भात एका जुन्या औषधाकडे देणगीदारांचे लक्ष वेधावेसे वाटते. रिटुक्सिमॅब हे मूळचे रक्ताच्या एका कर्करोगावरील औषध. त्याची भारतीय बनावटीची आवृत्ती २००७ पासून उपलब्ध आहे व मूळ औषधापेक्षा स्वस्त आहे. स्वीडनमध्ये सुमारे दोनशे रुग्णांवर त्याची तुलना डायमिथाइल फ्युमरेट या प्रस्थापित गोळीशी करण्यात आली. दोन वर्षांत गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा १६ जणांना नवा झटका आला, तर रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी शेकडा ३ जणांना. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापुढील वर्षी, २०२३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एम.एस.साठी प्रथमच तीन औषधे समाविष्ट केली, त्यांत रिटुक्सिमॅब आहे. क्लॅड्रिबिन व ग्लॅटिरॅमर ही अन्य दोन. धनिक देशांच्या परिषदांत ज्या औषधांची भव्य दालने लागतात त्यांपेक्षा, आमच्या मते, ही यादी आपल्या रुग्णांच्या अधिक उपयोगाची आहे. अर्थात प्रतिकारशक्ती दडपणारे कोणतेही औषध देण्यापूर्वी क्षय व कावीळ-ब यांची तपासणी करणे आवश्यक असते, आणि औषध चालू असताना साधा तापही दुर्लक्षून चालत नाही.

कोपनहेगनमध्ये टोलेब्रुटिनिब या नव्या औषधाचेही निष्कर्ष जाहीर झाले. झटके थांबूनही अपंगत्व हळूहळू वाढत जाते अशा टप्प्यातील रुग्णांसाठी आजवर फार थोडे करता येत असे. त्यांच्यात या औषधाने अपंगत्व वाढण्याचा धोका शेकडा ३१ ने कमी झाल्याचे दिसले. त्याच परिषदेत हेही सांगितले गेले की नेहमीच्या, येऊन-जाऊन असणाऱ्या प्रकारात झटके कमी करण्यात हेच औषध जुन्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. शिवाय काही रुग्णांच्या यकृतावर त्याचा गंभीर परिणाम झाला. बातम्यांत पहिले वाक्य येते, दुसरे क्वचित येते. म्हणून वृत्तपत्रातील कात्रण घेऊन औषधाच्या शोधात फिरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, ही नातेवाइकांस विनंती. मूळ पेशींच्या नावाखाली लाखो रुपये घेऊन दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबाबत तर अधिक सावध राहावे. रुग्णालयात दाखल करून, कडक औषधांनी प्रतिकारशक्ती नव्याने घडविण्याची एक मान्य पद्धत निवडक रुग्णांसाठी आहे. परंतु दुकानवजा दवाखान्यांत जे विकले जाते ते हे नव्हे.

आता अशा एका विषयाकडे वळू ज्याचा कोपनहेगनशी संबंध नाही, पण आपल्या परिसराशी फार जवळचा आहे. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्णोदकाची कुंडे ही आपल्या भूमीची देणगी आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीस बोललेल्या नवसाची कथा आणि कुंडांची ख्याती ऐकून दूरदूरचे भाविक येथे येतात. चैत्र अमावास्येच्या यात्रेत तर पाय ठेवावयास जागा नसते. सांधे दुखणाऱ्या, अंग आखडलेल्या माणसास गरम पाण्याने आराम वाटतो हे सर्वानुभवाचे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र पाय लुळे पडतात म्हणून ज्याला येथे आणले जाते त्याला जर एम.एस. असेल, तर हेच पाणी त्याच्यासाठी जोखमीचे ठरते.

जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्ये नोंदविले की अशा रुग्णांची दृष्टी शारीरिक श्रमानंतर काही वेळ मंदावते. पुढे लक्षात आले की कारण श्रम नसून शरीराची वाढलेली उष्णता हे आहे. मायलिन गमावलेला तंतू आधीच काठावर काम करीत असतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी त्यातून संदेश जाणे थांबू शकते. एम.आर.आय. येण्यापूर्वी काही ठिकाणी संशयित रुग्णास गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का हे पाहत, आणि तीच निदानाची चाचणी असे! आपल्या कुंडांचे पाणी शरीराच्या उष्णतेपेक्षा पुष्कळ गरम असते. पाण्यात उतरलेल्या रुग्णाचे पाय काही मिनिटांत पूर्ण गळू शकतात, डोळ्यांपुढे धूसर होऊ शकते. ओल्या दगडी पायऱ्यांवर तो घसरतो किंवा पाण्यातून बाहेरच येऊ शकत नाही. त्वचा बधिर असेल तर पाणी किती गरम आहे हेही त्यास कळत नाही व भाजण्याची भीती असते.

येथे एक दिलासाही द्यावयास हवा. उष्णतेने वाढलेली ही लक्षणे तात्पुरती असतात. अंग निवले की काही तासांत ती पूर्ववत होतात व त्यामुळे मज्जातंतूंची नवी हानी होत नाही. म्हणून कुंडात उतरल्यावर रुग्ण खचला असेल तर ‘देवीचा कोप’ किंवा ‘रोग वाढला’ असे समजून हताश होऊ नये. त्यास सावलीत निजवावे, कपाळावर व मानेवर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, थंड पाणी पाजावे, आणि उठताना दोघांनी धरावे. लक्षणे चोवीस तासांनंतरही टिकून राहिली तर मात्र तो खरा झटका असू शकतो. तेव्हा रुग्णालय गाठावे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी देवीचे दर्शन अवश्य घ्यावे, तीर्थ म्हणून कुंडाचे पाणी हातापायांस लावावे. स्नान मात्र घरी, साध्या पाण्याने करावे. दर्शनास जातानाही पायऱ्या चढण्याची वेळ सकाळची ठेवावी. ठाणे जिल्ह्यातील एप्रिल-मे महिन्यांचा दमट उकाडा हाच अशा रुग्णांना पुरेसा असतो. व्यायाम पहाटे करावा, दुपारी बाहेर पडताना ओला पंचा गळ्याभोवती ठेवावा. ताप आला, लघवीत जंतुसंसर्ग झाला, तरी जुनी लक्षणे डोके वर काढतात. अशा वेळी आधी ताप व संसर्ग यांवर उपचार व्हावेत, स्टेरॉइडची घाई होऊ नये.

रुग्णाच्या घरातील दोन प्रश्न नेहमी दबक्या आवाजात विचारले जातात. हा रोग संसर्गजन्य आहे का, आणि मुलाबाळांना होईल का? तो एकाकडून दुसऱ्यास होत नाही. अमेरिकी लष्कराच्या एक कोटीहून अधिक जवानांच्या नोंदींवर आधारित अभ्यासात, २०२२ मध्ये, एपस्टाइन-बार या विषाणूच्या संसर्गानंतर एम.एस.चा धोका ३२ पटींनी वाढल्याचे दिसले हे खरे. पण हा विषाणू आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात असतो व फार थोड्यांना एम.एस. होतो. तेव्हा रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्यास काहीच आधार नाही. आईला हा विकार असेल तर मुलास होण्याची शक्यता शेकडा दोनच्या आसपास, म्हणजे अल्प आहे. मातृत्वासही हा रोग आड येत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत झटके कमी होतात व बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात असे आढळले. मात्र काही औषधे गर्भास अपायकारक असल्यामुळे दिवस राहण्यापूर्वीच सल्ला घ्यावा. या दोन प्रश्नांच्या चुकीच्या उत्तरांपायी सासरहून माहेरी पाठविल्या जाणाऱ्या मुली पाहिल्या की औषधाच्या चिठ्ठीइतकेच बोलणेही आवश्यक आहे हे पटते.

मदतीच्या दृष्टीने देणगीदारांच्या नजरेस आणावयाची बाब अशी, की अशा रुग्णाचा खर्च केवळ औषधाचा नसतो. मेंदूविकारतज्ज्ञ व एम.आर.आय. यांसाठी त्यास ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. के.ई.एम., नायर, सायन, जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत ही सेवा आहे. पण चालता न येणाऱ्या माणसास एस.टी. व लोकलने नेणे शक्य नसते आणि सोबत येणाऱ्याचा दिवसाचा रोजही बुडतो. वाहनाचे भाडे, एक एम.आर.आय., न्यूरोमायलायटिसची एक रक्ततपासणी, आणि वर्षभराचा फिजिओथेरपीचा खर्च यांसाठी दिलेली रक्कम पहिल्या वर्षात जेवढी उपयोगी पडते तेवढी पाचव्या वर्षात पडत नाही.

नातेवाइकांनी कायद्याची तरतूदही ध्यानात ठेवावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी उल्लेख आहे. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास कायद्यातील अनेक सवलतींचा मार्ग खुला होतो. त्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणीस जावे लागते. जाताना आधार कार्ड, छायाचित्र, एम.आर.आय.च्या फिल्म व अहवाल, आणि मेंदूविकारतज्ज्ञांची सही असलेले आजवरचे सर्व कागद सोबत असावेत. रुग्ण त्या दिवशी बरा चालत असला तरी झटक्याच्या वेळी त्याची अवस्था काय होती हे त्या कागदांवरूनच तपासणाऱ्या डॉक्टरांना कळते. म्हणून जुनी कागदपत्रे, अगदी मळकी व फाटकी असली तरी, टाकून देऊ नयेत.